पोटाच्या जुन्या आजारातील तपासण्या: कोणती कशासाठी, तयारी कशी, अहवाल कसा वाचावा

मला मोठ्या आतड्याचा जुनाट दाह, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, असल्याचे निदान होऊन १४ वर्षे झाली. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षे शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचे आणि पोटात पडणारा मुरडा आवेचा, असे समजून परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी मिळतील ती औषधे घेत राहिलो. पुढच्या काळात रक्ताच्या तपासण्या किती झाल्या याची गणती राहिली नाही, आणि खालून दुर्बीण, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहण्याची तपासणी, सहा वेळा झाली. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: जुन्या आजारात एकटा अहवाल फार थोडे सांगतो. तो मागच्या अहवालाशेजारी ठेवला आणि त्या दिवसांत आपल्याला प्रत्यक्ष काय त्रास होत होता हे त्याला जोडले, म्हणजे त्याचा खरा अर्थ लागतो. जे रुग्ण आणि त्यांच्या घरचे लोक अशा तपासण्यांना पहिल्यांदा सामोरे जात आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती लिहीत आहे. औषध चालू ठेवायचे की थांबवायचे, हे मात्र आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

कोणतीही तपासणी लिहून दिली, की चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न नम्रपणे विचारावा: "डॉक्टर, यात दोष निघाला तर उपचारात काय बदल होईल, आणि काही निघाले नाही तर काय होईल?" बहुतेक डॉक्टर याचे सरळ उत्तर देतात, आणि त्या एका उत्तरातून तपासणीचा हेतू आपल्याला कळतो. आजार ओळखण्यासाठी केलेली तपासणी, आजार किती भडकला आहे हे मोजणारी तपासणी, औषधाचा अपाय होत नाही ना हे पाहणारी तपासणी आणि पुढे कर्करोग होऊ नये म्हणून ठरावीक काळाने करायची तपासणी, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की साधा आकडा पाहूनही जिवाला घोर लागतो.

रक्ताची तपासणी

रक्ताच्या तपासणीतून आतड्याच्या आत काय चालले आहे याचा केवळ अंदाज बांधता येतो. हिमोग्लोबिन कमी होत असेल तर रक्त झिरपत असावे किंवा लोह शोषले जात नसावे, सीआरपी आणि ईएसआर वाढले असतील तर शरीरात कुठेतरी दाह आहे, आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन उतरले असेल तर आजाराने अंगाची झीज केली आहे, असे साधारणपणे समजतात. यातली एक अडचण मी स्वतः अनुभवली आहे. दाह मोठ्या आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापुरता असेल, तर दिवसाला आठ-दहा वेळा रक्तमिश्रित शौचाला जावे लागत असतानाही सीआरपी अगदी व्यवस्थित येऊ शकतो. त्यामुळे "रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग त्रास मनाचा असेल" असे कोणी म्हटले तरी रुग्णाने खचून जाऊ नये; शौचाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बीण याविषयी पुन्हा विचारावे.

लोहाच्या बाबतीत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा, फसवा आहे. अंगात दाह असला की फेरिटिन आपोआप वाढते, म्हणून आजार भडकलेला असताना ते ठीक दिसले तरी लोह पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. जीवनसत्त्व बी १२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते; क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या जुनाट दाहाच्या आजारात नेमका तोच भाग बिघडण्याची शक्यता अधिक असते, शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते उतरते. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल तर रक्तातील पेशींचे प्रमाण आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने कराव्याच लागतात, आणि मेसालामाइन या दाह कमी करणाऱ्या औषधावर असणाऱ्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा, अधूनमधून पाहिले जाते. या तपासण्या बरे वाटत असतानाच करायच्या असतात, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. अन्यथा "आता काही होत नाही, तर पैसे कशाला घालवायचे" असे म्हणून त्या मागे पडतात.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेली आणखी एक बाब आहे. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्यांचा सीलिएक हा आजार रक्तातील टीटीजी तपासणीने शोधतात, परंतु ती व्यक्ती नियमित गहू खात असेल तरच ही तपासणी खरे सांगते. मराठवाड्यातील अनेक घरांत रोजची भाकरी ज्वारीची असते आणि चपाती कधीतरी होते. शिवाय काहींनी गव्हाने पोट बिघडते म्हणून तो आधीच बंद केलेला असतो. अशा वेळी आपण गहू किती आणि केव्हापासून खात नाही, हे रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगावे.

शौचाची तपासणी

ही तपासणी करायला संकोच वाटतो, पण जुन्या रुग्णाला सर्वांत उपयोगी पडते ती हीच. आजार भडकल्यासारखा वाटला, की पहिला प्रश्न असा असतो की हा मूळ आजारच उफाळला आहे की एखादा जंतुसंसर्ग झाला आहे. संसर्ग तपासल्याशिवाय स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, वाढवणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून साधी तपासणी, कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि गरजेनुसार क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूच्या विषाची तपासणी सांगतात. हा जंतू विशेषतः अँटिबायोटिक घेतल्यानंतर डोके वर काढतो. म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांत दाढेसाठी किंवा खोकल्यासाठी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या, हे आठवून सांगावे.

कॅलप्रोटेक्टिन या तपासणीने आतड्याच्या दाहाचे प्रमाण आकड्यात कळते. साधारणपणे ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर दाह नसावा, २५० च्या वर असेल तर दाह असण्याची शक्यता बरीच, आणि मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे, असा संकेत आहे. मात्र डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि साध्या संसर्गानेही हा आकडा चढतो. शेतात पाठ धरली म्हणून दुकानातून आणलेली गोळी कोणी लक्षात ठेवत नाही. पण त्या एका गोळीमुळे नवी औषधे सुरू होण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तिची नोंद ठेवावी. नमुना नेहमी कोरड्या, झाकणाच्या डबीत घ्यावा, त्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नये, आणि तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा. एप्रिल-मेच्या उन्हात डबी गाडीच्या डिकीत ठेवून तासन्‌तास फिरू नये. तालुक्याची प्रयोगशाळा हा नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवते, त्यामुळे अहवाल यायला काही दिवस लागतात हे गृहीत धरूनच डॉक्टरांची पुढची तारीख घ्यावी.

शौचातील लपलेल्या रक्ताच्या तपासणीबद्दल एवढेच सांगतो की ज्याला मूळव्याध आहे किंवा ज्याचे रक्त डोळ्यांना दिसतेच आहे, त्याला तिचा फारसा उपयोग नाही.

सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय

सोनोग्राफीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, कारण खाल्ले की पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यातील खडे नीट दिसत नाहीत. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांसाठी ही तपासणी उत्तम आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराविषयी मात्र ती थोडेच सांगते. लहान आतडे पाहायचे असेल तर सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफी करतात. त्यात एक ते दीड लिटर द्रव टप्प्याटप्प्याने प्यायला देऊन आतडे फुगवून घेतात. जुन्या आजारात हे चित्र आयुष्यात अनेकदा काढावे लागते, म्हणून तरुण रुग्णाने "किरणोत्सर्ग नसलेली एमआरआय चालेल का?" असे जरूर विचारावे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर शिरेतून रंगद्रव्य देण्याआधी अलीकडचे क्रिएटिनिन दाखवावे.

कॅमेऱ्याची गोळी गिळून करायची तपासणीही आता उपलब्ध आहे. आतडे कुठे अरुंद झाले असेल तर ती गोळी तिथेच अडकू शकते, म्हणून क्रोन्सच्या रुग्णात आधी मार्ग मोकळा असल्याची खात्री करून घेतात.

तोंडातून दुर्बीण

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाहण्याची ही तपासणी पाच-दहा मिनिटांत उरकते. सहा ते आठ तास उपास, घशात बधिरतेचा फवारा, डाव्या कुशीवर झोपणे आणि नाकाने संथ श्वास घेणे, एवढेच आपले काम. फवाऱ्यामुळे घसा बधिर असेपर्यंत पाणीही पिऊ नये. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी नमुना घेणार असतील, किंवा त्यासाठी श्वासाची अथवा शौचाची तपासणी करायची असेल, तर पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते. तसे न केल्यास जंतू असूनही तपासणी नकारार्थी येऊ शकते. गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण अल्सरमधून रक्तस्राव झालेल्या रुग्णाने त्या मनाने थांबवणे योग्य नाही.

खालून दुर्बीण: सारे काही तयारीवर

खालून दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, हिच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी पहिली कोलोनोस्कोपी वाया गेली होती. ज्या रुग्णालयात ती झाली, तिथून मला पावडरीचा पुडा आणि "उद्या सकाळी उपाशी या" एवढाच निरोप मिळाला होता. आदल्या रात्री मी नेहमीप्रमाणे ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि कारळाची चटणी जेवलो, पहाटे घाईघाईने पावडरीचे पाणी प्यायलो आणि एसटीत बसलो. वाटेत बस दोन ठिकाणी थांबवावी लागली, ती वेळ मी विसरू शकत नाही. पुढे पडद्यावर आतड्याच्या भिंतीला चिकटलेले कारळाचे काळे दाणे मला स्वतःला दिसत होते. डॉक्टर दर थोड्या वेळाने पाणी मारत होते, दाणे हलत नव्हते, आणि अखेर अर्ध्यातूनच दुर्बीण बाहेर काढावी लागली.

म्हणून आता सांगतो ते नीट लक्षात ठेवावे. तपासणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस चोथा आणि बिया असलेले सगळे बंद करावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, अंबाडी, सालीसकट डाळी, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ, ठेच्यातील मिरचीचे बी, वांगे, टोमॅटो, पेरू, डाळिंब हे पदार्थ टाळावेत. मऊ भात, सालीविना मुगाचे पातळ वरण, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, सोलून उकडलेला बटाटा, दही हे चालते. घरात एखादी एकादशी आली तर गैरसमज होण्याची शक्यता असते. उपासाची भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी खाऊन पोट रिकामे होत नाही. उलट शेंगदाण्याचे कण आतड्यात राहून जातात. अगदी आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव घ्यावेत: नारळपाणी, गाळलेले लिंबूपाणी, कापडातून गाळलेले मुगाचे निवळ पाणी, दुधाविना कोरा चहा. लाल किंवा जांभळ्या रंगाचे सरबत घेऊ नये, कारण ते आत रक्तासारखे दिसते. दूध आणि ताकही त्या दिवशी नको.

जुलाबाचे औषध दोन भागांत घेतले तर आतडे सर्वांत चांगले स्वच्छ होते. एक भाग आदल्या संध्याकाळी आणि दुसरा तपासणीच्या दिवशी पहाटे, साधारण चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा. तपासणी सकाळी दहाची असेल तर पहाटे पाचला उठून सात-साडेसातपर्यंत शेवटचा ग्लास संपवावा. चव खारट आणि किंचित साबणासारखी लागते. पाणी गार करून घेतले आणि मध्ये लिंबाची फोड चोखली तर उतरायला सोपे जाते. मळमळ वाढली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे, पण उरलेले औषध ओतून देऊ नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे औषध बहुतेकांना सुरक्षित असते. सोडियम फॉस्फेटचे औषध मूत्रपिंडाच्या रुग्णांना अपायकारक ठरू शकते, आणि त्याने आतड्यात छोटे व्रण उमटून ते आजाराचेच असल्याचा भासही होतो. म्हणून पुड्यावरचे नाव वाचून शंका असल्यास फोन करावा.

तयारी पूर्ण झाली की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसऱ्या वेळी मी आदल्या दिवशीच शहरात जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम केला होता. सकाळी सिस्टरने विचारले, "काका, शेवटचं पाणी कसं होतं?" मी म्हणालो, "पिवळं." त्यांनी पुन्हा विचारले, "लघवीसारखं स्वच्छ, की वरणासारखं गढूळ?" तोच निकष आहे. लघवीसारखे निवळ पिवळे पाणी म्हणजे तयारी झाली. गढूळ असेल तर तपासणीच्या खोलीत जाण्याआधी तसे स्पष्ट सांगावे, लपवू नये.

मुक्कामाचा मुद्दा मराठवाड्यात फार महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असोत की खासगी रुग्णालये, खेड्यातून तिथे पोचायला दोन ते चार तास सहज लागतात, आणि औषध घेतलेल्या माणसाला तो प्रवास झेपत नाही. दुर्बिणीची तारीख कधी मिळेल हे आधी चौकशी करून जावे. खर्चाबाबत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून, आपली तपासणी योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. बाहेरच्या बाहेर होणारी तपासणी त्यात धरली जाईलच असे नाही.

चालू औषधांची यादी आठवडाभर आधी डॉक्टरांपुढे ठेवावी. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्या आतड्याला काळा थर चढवतात. मधुमेहींनी विशेष जपावे: उपाशीपोटी ग्लिमेपिराइड किंवा नेहमीच्याच मात्रेत इन्सुलिन घेतले तर साखर एकदम उतरू शकते, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या सहसा तीन-चार दिवस आधी बंद करायला सांगतात. साखर उतरल्यास घ्यायला पारदर्शक गोड सरबत जवळ ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. हृदयात स्टेंट असलेल्याला तसे करणे जिवावर बेतू शकते. स्टेरॉइडही कधी अचानक थांबवायचे नसते.

गुंगीचे इंजेक्शन दिले तर त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, आणि सोबत जाणते माणूस असावे. नंतर थोडा वात, थोडी कळ, नमुना घेतला असल्यास रक्ताचा एखादा ठिपका हे स्वाभाविक आहे. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका नुसत्या पाहणीत हजारात एखाद्याला असतो किंवा त्याहूनही कमी, पण तो असतो. म्हणून पोट कडक होणे, वाढत जाणारी तीव्र वेदना, ताप, चक्कर किंवा भरपूर रक्त यांपैकी काहीही झाले तर त्याच रुग्णालयात तातडीने परत जावे. आतला मोड, म्हणजे पॉलिप, काढला असेल तर ती रात्र शहरातच काढणे मी पसंत करतो.

अहवाल वाचताना

अहवालात पहिल्यांदा दोन गोष्टी शोधाव्यात: दुर्बीण कुठपर्यंत पोचली आणि आतडे किती स्वच्छ होते. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) किंवा टर्मिनल इलियम (लहान आतड्याचा शेवट) असे लिहिले असेल तर मोठे आतडे पूर्ण पाहिले गेले. आतड्याची स्वच्छता मोजणारे बोस्टन गुणांकन दिले असेल तर ९ पैकी किमान ६, आणि मोठ्या आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ गुण असावेत. त्याहून कमी असतील तर "काही आढळले नाही" या वाक्यावर तितकासा भरवसा ठेवता येत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दुर्बिणीतून दिसणारा दाह मोजणारे मेयो गुणांकन ० ते ३ असते. ० म्हणजे शांत, ३ म्हणजे तीव्र. माझे ३ वरून १ वर यायला दीड वर्ष लागले, आणि ते कळले केवळ जुना कागद जपून ठेवला होता म्हणून.

बायोप्सी हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. जुन्या आजारात बायोप्सी नेहमीच घेतात. अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्याने काढतात, आणि तिथे कापल्याची जाणीव होणाऱ्या नसा नसल्याने ते दुखत नाही. दाह किती आहे, तो जुना की नवा, आणि भारतात फार महत्त्वाचे म्हणजे हा क्रोन्स आहे की आतड्याचा क्षय, हे त्यातून शोधतात. हे दोन आजार दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात, तर उपचार परस्परविरोधी: क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय पसरतो. म्हणून डॉक्टर नमुना क्षयाच्या जीनएक्सपर्ट तपासणीला पाठवतात, आणि तरीही उलगडा झाला नाही तर आधी क्षयाचे औषध देऊन पाहतात. याला चालढकल समजू नये.

"डिस्प्लेझिया" हा शब्द अहवालात मुद्दाम शोधावा. त्यापुढे "नाही" असे असेल तर कर्करोगाकडे झुकणारा बदल दिसलेला नाही. मोठ्या आतड्याचा दाह असणाऱ्यांनी लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी, अगदी ठणठणीत वाटत असले तरी, याच कारणासाठी कोलोनोस्कोपी करून घ्यावी, आणि पुढची केव्हा हे तेव्हाच विचारून ठेवावे. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर ८ वर्षे थांबायचे नसते. निदानापासूनच दरवर्षी तपासणी करावी लागते.

कागद जपणे

शंभर पानी वहीत मी रकाने आखले आहेत: तारीख, दिवसाला शौच किती वेळा, रक्त होते की नाही, वजन, हिमोग्लोबिन, सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन, चालू औषध, आणि त्या पंधरवड्यात घेतलेली इतर कोणतीही गोळी. नव्या डॉक्टरांपुढे ही दोन पाने आधी ठेवतो, फाइल नंतर उघडतो. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जपलेले असतात. दुसरे मत हवे असेल तर ते मागता येतात. सोनोग्राफीची चकचकीत चित्रे उष्णतेने काळवंडतात, माझी पहिली दोन पत्र्याच्या खोलीतील पेटीत एका उन्हाळ्यातच गेली. तेव्हापासून अहवाल हातात पडला की बस स्थानकाशेजारच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढतो, मोबाइलमध्ये फोटो घेतो, आणि मगच गावाकडच्या गाडीत बसतो.